मोटारगाडीच्या एसीतून येणारी दुर्गंधी

मोटारगाडीच्या एसीतून येणारी दुर्गंधी हा स्वतंत्र बिघाड नसून दुसऱ्या एखाद्या दोषाचे लक्षण असते. तो दोष वातानुकूलन यंत्रणेत, इंजिनाच्या बाजूला, गाडीत ठेवलेल्या सामानात किंवा गाडीबाहेरच्या हवेतही असू शकतो. वास कसा आहे, तो कधी येतो आणि काय केल्याने कमी-जास्त होतो, या तीन गोष्टींवरून त्याचे निदान होते. सुगंधी डबी किंवा कापराची वडी ठेवून वास झाकला असता निदानाचा हा एकमेव धागा हातचा जातो.

हवेचा मार्ग

समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून बाहेरची हवा आत येते. ब्लोअर ती ओढून घेतो. पुढे ती केबिन फिल्टरमधून गाळली जाऊन कूलिंग कॉइलवरून आणि आवश्यकतेनुसार हीटरच्या कॉइलवरून डॅशबोर्डच्या झडपांपर्यंत पोहोचते. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले बटण दाबले की बाहेरची वाट बंद होते व आतलीच हवा पुनःपुन्हा फिरते. निदानाचा आरंभ याच बटणापासून करावा. ते दाबल्यावर दोन-तीन मिनिटांत वास ओसरला, तर त्याचे मूळ बाहेर किंवा बॉनेटखाली आहे. तसाच राहिला किंवा वाढला, तर ते फिल्टर, कॉइल, पायपुसणी अथवा सामान यांत शोधावे.

बाहेरचा वास नेहमीच दोष दर्शवीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी संपल्यावर शेतात पऱ्हाट्या जाळल्या जातात. वणी परिसरातील कोळसा खाणींच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ असते, आणि धुमसणाऱ्या कोळशाला गंधकासारखा उग्र वास येतो. हे वास गाव मागे पडले की जातात. त्यांच्यासाठी गॅरेज गाठण्याचे कारण नाही.

कुबट वास

सर्वांत अधिक आढळणारा हा प्रकार आहे. ओले पायमोजे, बंद खोली किंवा कूलरमधील जुने गवत यांची आठवण करून देणारा हा वास एसी सुरू करताच पहिली काही मिनिटे येतो आणि नंतर मंदावतो. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते एका नळीवाटे गाडीखाली गळून जाते. कॉइलच्या पातळ पत्र्यांत धूळ अडकलेली असेल, तर ती भिजून तिच्यावर बुरशी व जीवाणू वाढतात.

विदर्भाच्या हवामानात या वासाला ठरावीक ऋतू आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, हवा अत्यंत कोरडी असते आणि एसी दिवसभर धूळ ओढतो. तेव्हा कॉइलवर पाणी फारसे साचत नाही, म्हणून वासही येत नाही. मृगाच्या सरी कोसळल्या की हवेत बाष्प येते, साठलेली धूळ भिजते आणि दोन-तीन आठवड्यांत गाडी कुबट होते. पावसाळ्याचा दोष म्हणून सांगितला जाणारा हा वास वस्तुतः उन्हाळ्यात साठवलेला असतो.

गाडीखाली पडणारे पाणी तपासणे ही यातली महत्त्वाची कसोटी होय. जुलैच्या दमट दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटे चालूनही खाली पाणी ठिबकत नसेल, तर नळी चिखलाने किंवा पालापाचोळ्याने तुंबली आहे असे समजावे. तेच पाणी मग बहुधा चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायाशी उतरते आणि सतरंजीखालचा जाड थर कुजतो. तो थर तसाच ठेवून नुसती कॉइल धुतल्याने वास परत येतो. उलट मे महिन्यात पाणी पडत नाही म्हणून नळी फोडून पाहणे व्यर्थ आहे.

कडुनिंबासारख्या झाडाखाली नेहमी उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीत पाने साचून कुजतात. फिल्टर पाहण्याआधी ही जागा हाताने साफ करून घेतलेली बरी.

उंदीर

उभ्या असलेल्या गाडीत उंदीर फिल्टरच्या पेटीत किंवा ब्लोअरमध्ये घर करतात. सरकी, चिंध्या, फिल्टरचे कुरतडलेले तुकडे तेथे सापडतात. मुताचा वास तिखट, अमोनियासारखा असतो. उंदीर आत मेला तर वास दिवसागणिक वाढत जातो, ब्लोअरचा वेग वाढवला की अधिकच तीव्र होतो आणि पुढे हळूहळू कमी होतो. अशी पेटी उघडताना हातमोजे व नाकावर फडके असावे, आणि ब्लोअर बंद ठेवावा. काही नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरले जाते. त्याची गळतीही अमोनियाच्या वासाने जाणवते व तिला उंदराचा उपद्रव समजण्याची चूक होऊ शकते.

गोड, जळका आणि कुजक्या अंड्यांचा वास

गोडसर, पाकासारखा वास कूलंटचा असतो. हीटरची कॉइल झिरपू लागली की तो येतो, काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि रेडिएटरच्या टाकीतील पातळी घटते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर लावल्यावर तो प्रथम ध्यानात येतो. पायाशी आलेला ओलावा पाण्याचा की कूलंटचा, हे बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून व रंगावरून ओळखावे. तो चाखून पाहू नये, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गळती दुर्लक्षिली तर इंजिन तापून बंद पडते.

वितळत्या प्लास्टिकचा वास ब्लोअरची मोटार अथवा वायर तापल्याचा असतो. त्या वेळी ब्लोअर लगेच बंद करावा. जळक्या रबराचा वास बहुधा पट्ट्याचा असतो. घाटात येणारा करपट वास एसीचा नसून क्लच किंवा ब्रेकचा असतो. कुजक्या अंड्यांच्या वासामागे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा अतिचार्ज झालेली बॅटरी असते. सीएनजी गाडीत असा वास आल्यास गॅसगळती प्रथम गृहीत धरावी, कारण मूळच्या वासहीन गॅसमध्ये गळती कळावी म्हणूनच दुर्गंधी मर्कॅप्टन मिसळलेले असते. पेट्रोल किंवा गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे.

धूर आणि वास नसलेला वायू

गाडी उभी असताना धुराचा वास आत येत असेल, तर सायलेन्सरचा जोड, मागच्या दाराचे रबर आणि तळातील भोके तपासावीत. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; नाकाला जो कळतो तो त्याच्यासोबतचा धूर असतो. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असे होत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे एकाच वेळी अनेक प्रवाशांत दिसली, तर काचा उघडून गाडी थांबवावी व मोकळ्या हवेत यावे. आतली हवा फिरवण्याचे बटण येथे संरक्षण देत नाही. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवणे किंवा उभ्या गाडीत एसी लावून झोपणे जीवघेणे ठरू शकते.

कीटकनाशकाचा वास

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा प्रकार वेगळा नोंदवणे आवश्यक आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारणीच्या औषधांचे डबे, पंप किंवा फवारणीचे कपडे डिकीत ठेवून गाडी चालवली, तर सांडलेल्या औषधाची वाफ आतल्या आत फिरते आणि फिल्टर व आसनांचे कापड तिने भरते. अनेक गाड्यांत डिकी व प्रवासी कक्ष यांच्यात हवाबंद भिंत नसते. हा उग्र वास एसीचा बिघाड समजून गाडीत फवारा मारणे हा अनर्थ होय. डबे बाहेर काढावेत, सर्व दारे उघडी ठेवावीत, फिल्टर बदलावा. घाम सुटणे, लाळ गळणे, दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे दिसल्यास डबा किंवा त्याची चिठ्ठी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे. कोणते औषध होते हे त्यावरून डॉक्टरांना कळते.

तपासणी व दुरुस्ती

रोज गाडी चालवणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होते. त्यामुळे सकाळी, गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर, दुसऱ्या कोणास दार उघडून वास घेण्यास सांगणे हा साधा उपाय उपयोगी पडतो. फिल्टर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बदलतात. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा त्याआधीच पाहावा लागतो. मुक्काम येण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवल्यास कॉइल सुकते आणि कुबट वास धरत नाही. वास आधीच बसला असेल, तर नळीवाटे किंवा ब्लोअरच्या बाजूने फेस सोडून कॉइल धुता येते. एवढ्याने न भागल्यास अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवून, एसीचा गॅस काढून कॉइल बाहेर घ्यावी लागते. हे काम खर्चाचे असल्याने फिल्टर, नळी व सतरंजी आधी तपासून झाल्याखेरीज ते काढू नये.