लखनौच्या कामगाराची पाठ आणि भरपाईचा कायदा

लखनौ-कानपूर लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला, १८७२ साली स्थापन झालेल्या अवध-रोहिलखंड रेल्वेचे मुख्यालय लखनौत आले, आणि चारबाग येथे इंजिनांचा, तर आलमबाग येथे डबे व वाघिणींचा कारखाना उभा राहिल्यावर या शहरात अवजड ओझे उचलणारा मोठा श्रमिकवर्ग निर्माण झाला. त्यात वेतनपटावर नाव असलेला कारखान्यातील कामगार होता, तसाच स्थानकावरील कुली आणि धान्याच्या बाजारात पोत्यांची चढ-उतार करणारा हमाल, म्हणजे तिकडच्या बोलीतील ‘पल्लेदार’, हाही होता. भार सर्वांच्याच पाठीवर होता. परंतु त्या पाठीला इजा झाल्यावर मिळणाऱ्या न्यायात मात्र मोठे अंतर राहिले.

कामावर इजा झालेल्या श्रमिकाचा हक्क प्रारंभी कायद्याला जवळजवळ अपरिचितच होता. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने केवळ मृताच्या वारसांना दाद मागता येई, तीही दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू झाला असे सिद्ध केल्यावर. जिवंत राहिलेल्या जखमी मजुराला मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागे, आणि तो त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. या स्थितीविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावे आणि कायमचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची सोय करावी, ही त्यातील एक मागणी होती.

त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट त्याने काढून टाकली. अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला असला म्हणजे भरपाईची जबाबदारी मालकावर येई, आणि दावा दिवाणी न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेल्या आयुक्तापुढे चाले. रेल्वेचा कामगार प्रारंभापासूनच या कायद्याच्या कक्षेत होता.

तथापि या कायद्याचा पाया दिसणाऱ्या इजेवर रचलेला होता. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या तक्त्यात, उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर तुटल्यास कमाईची क्षमता ७० टक्के, अंगठा गेल्यास २५ टक्के आणि तर्जनी गेल्यास १० टक्के घटते, असे ठरवून दिले होते. पाठीचा मणका सरकणे, दोन मणक्यांमधील चकती निसटून मज्जातंतू दाबला जाणे, कंबरेचे स्नायू फाटणे यांना त्या तक्त्यात स्थान नव्हते. अशी इजा ‘अनुसूचीबाह्य’ ठरते, आणि तिच्यामुळे कमाईची क्षमता किती घटली हे प्रत्येक प्रकरणात वैद्यकीय अभिप्रायावरून सिद्ध करावे लागते. याहून गंभीर अडचण ‘अपघात’ या अटीची आहे; एका क्षणी पोते उचलताना कंबर मोडली तर दावा उभा राहतो, परंतु वीस वर्षे ओझी वाहून कणा हळूहळू झिजला तर दाखवायला अपघात नसतो, आणि व्यावसायिक रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीतही ओझे वाहून झालेल्या या झिजेचा उल्लेख नाही.

आयुक्ताच्या निर्णयावर लखनौच्या कामगाराला वा मालकाला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे अपील करता येते, मात्र केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. मालकाला अपिलापूर्वी भरपाईची रक्कम जमा करावी लागते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंह देव खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचे मान्य केले. इजा अवयवाच्या मोजमापाने नव्हे, तर त्या माणसाला आपला व्यवसाय करता येतो की नाही यावरून जोखावी, हे त्यातील तत्त्व पाठीच्या दाव्यांना विशेष उपकारक आहे.

कुली आणि पल्लेदार यांच्यापुढे मात्र मूळ प्रश्न मालक कोण, हाच राहिला. स्थानकावरील कुली रेल्वेचा नोकर नसून परवानाधारक असतो, आणि पल्लेदार एका दिवसात अनेक व्यापाऱ्यांची पोती वाहतो. नैमित्तिक कामगाराला वगळणारी अट २००० च्या दुरुस्तीने गेली, तरी मालक निश्चित करण्याची अडचण गेली नाही. कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी शेजारच्या कानपुरात आणि दिल्लीत सुरू झाली, परंतु तीही नोंदणीकृत आस्थापनांतील कामगारांसाठीच होती. महाराष्ट्राने या कोंडीवर १९६९ च्या माथाडी कायद्याने मार्ग काढला. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या हमालांची माथाडी मंडळाकडे नोंदणी झाली आणि विखुरलेल्या मालकांकडून मजुरीसोबतच कल्याणनिधीसाठी आकार वसूल होऊ लागला.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. कायद्याचे नाव बदलले, तरी पाठीच्या दुखापतीचा प्रश्न मिटलेला नाही. ओझ्याने झिजलेल्या कण्याला व्यावसायिक रोगांच्या यादीत स्थान देणे आणि ओझे वाहणाऱ्या प्रत्येक श्रमिकाची माथाडी मंडळाच्या धर्तीवर नोंदणी करणे, या दोन गोष्टी झाल्याखेरीज १८८४ ची मागणी पुरी झाली असे म्हणता येणार नाही.