अवर्षण आणि मका : झिंबाब्वेच्या कृषि-इतिहासातील एक प्रश्न

झिंबाब्वेतील धान्यटंचाईची मीमांसा करताना बहुधा पावसाकडे बोट दाखविले जाते. हे कारण खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. पाऊस केव्हा चुकावा हे निसर्ग ठरवितो. चुकलेल्या पावसाचा भार कोणी सोसावा हे ह्या देशात दीर्घकाळ कायद्याने ठरविले.

मका हे मुळात अमेरिकेचे धान्य. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर ते आफ्रिकेत पसरले, आणि विसाव्या शतकात नाचणी, ज्वारी व बाजरी ह्यांना मागे सारून तेथील मुख्य अन्न बनले. ह्या स्थित्यंतरात एक धोका होता. पाण्याचा ताण पडला असता ज्वारी काही काळ वाढ थांबवून पुढील सरीपर्यंत तग धरते. मक्याला तुरा येऊन स्त्रीकेसर बाहेर पडण्याच्या सुमारास दीर्घ उघडीप पडली, तर कणसात दाणा नीट भरत नाही. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असा असून ही उघडीप पुष्कळदा जानेवारीच्या सुमारास, म्हणजे नेमकी ह्याच अवस्थेत येते.

१९३० च्या भूवाटप कायद्याने तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशियातील सुमारे निम्मी जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवली. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा पाचही नव्हते. भरवशाच्या पावसाचे पठार बहुतांशी त्यांच्याकडे गेले. आफ्रिकी राखीव क्षेत्रांचा मोठा भाग कमी व लहरी पावसाच्या मुलखात पडला. १९३१ चा मका नियंत्रण कायदा व त्यात १९३४ मध्ये झालेली दुरुस्ती ह्यांमुळे आफ्रिकी शेतकऱ्याला मक्याचा भावही कमी मिळू लागला. १९६० मध्ये प्रसृत झालेले ‘एस. आर. ५२’ हे संकरित वाण भरघोस पीक देणारे होते. तथापि त्याला लांब पावसाळा लागे. कोरड्या मुलखाला सोयीची, लवकर तयार होणारी ‘आर. २००’ व ‘आर. २०१’ ही वाणे १९७० च्या दशकात आली.

१९८० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर कर्ज, बियाणे व खरेदीकेंद्रे लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचली आणि त्याचे मक्याचे उत्पादन झपाट्याने वाढले. पावसाची लहर पूर्वीचीच होती. तरीही १९९१-९२ च्या अवर्षणात देशाचे मक्याचे पीक आदल्या वर्षाच्या सुमारे चतुर्थांशावर आले. त्याआधी साठ्यातील मका निर्यात झालेला असल्याने आपत्ती अधिक तीव्र झाली.

१९९४ मध्ये केन, एशेल व बकलंड ह्यांनी दाखवून दिले की, झिंबाब्वेतील मक्याच्या उताऱ्यातील साठ टक्क्यांहून अधिक चढउताराची संगती पूर्व प्रशांत महासागराच्या पृष्ठतापमानाशी लागते. पूर्वानुमान त्यामुळे शक्य झाले. पण त्याचा लाभ आपोआप शेतकऱ्याला मिळाला नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निन्योचा इशारा मिळताच कर्जपुरवठा आखडला व लागवड घटली. प्रत्यक्षात त्या हंगामात अनेक भागांत पाऊस अपेक्षेहून बरा झाला.

एप्रिल २०२४ मध्ये एल निन्योजन्य अवर्षणामुळे सरकारला पुन्हा राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. अशा वर्षाचा इतिहास लिहिताना पर्जन्यमापकाच्या नोंदींबरोबर जमिनीचे नकाशे, बियाण्याची वाटणी आणि कोठारांच्या वह्या तपासणे अगत्याचे आहे.