घियासपूरचा भटारखाना

दिल्लीत आज हजरत निजामुद्दीन या नावाने रेल्वे स्थानक आणि वस्ती ओळखली जाते. तेराव्या शतकात तिथे घियासपूर नावाचे यमुनाकाठचे लहानसे खेडे होते. सुलतानांची राजधानी तेव्हा कुतुबमिनारच्या आसपास, काही कोसांवर होती. या खेड्यात शेख निजामुद्दीन औलिया (१२३८–१३२५) येऊन राहिले आणि त्यांच्या मठाभोवती, म्हणजे खानकाहभोवती, दिल्लीतल्या सामान्य माणसाच्या आयुष्याला एक वेगळे वळण लागले. अध्यात्म म्हणजे संसार आणि गर्दी सोडून करायची गोष्ट, ही समजूत त्या काळी सुफींमध्येही होती. घियासपुरात ती बाजूला पडली. तिथे माणसाच्या आत्मिक उंचीची परीक्षा जेवणाच्या पंगतीत, उधारी फेडण्यात आणि दारी आलेल्याला दिलेल्या वागणुकीत होऊ लागली.

निजामुद्दीन मूळचे बदायूंचे. वडील लहानपणीच वारले. आई बीबी जुलेखा यांनी हलाखीत मुलाला शिकवले. घरात दाणा नसे त्या दिवशी ‘आज आपण देवाचे पाहुणे आहोत’ अशा अर्थाचे त्या बोलत. ते ऐकण्यासाठी मुलगा पुढच्या फाक्याची वाट पाही, ही आठवण शेखांनी म्हातारपणी सांगितली आहे. विसाव्या वर्षी ते पंजाबात अजोधनला (आताचे पाकिस्तानातील पाकपट्टण) सुफी गुरू बाबा फरीद यांच्याकडे गेले. तिथले दारिद्र्य घरच्यापेक्षा कमी नव्हते. करवंदासारखी रानफळे बिनमिठाची उकडून शिष्य खात. एकदा निजामुद्दीन यांनी वाण्याकडून उधारीवर मीठ आणून त्यात घातले. बाबा फरीद यांनी घास उचलला आणि हात जड झाल्याचे सांगून तो परत ठेवला. फकिराने उधारीची चव घेण्यापेक्षा उपाशी राहिलेले बरे, असे त्यांचे म्हणणे पडले.

उधारीचा धडा तेवढ्यावर थांबला नाही. ज्याचे देणे असेल त्याचे समाधान करा, हे गुरूंचे सांगणे घेऊन निजामुद्दीन दिल्लीला परतले. एका कापडवाल्याचे वीस जितल त्यांच्याकडे बाकी होते. जितल म्हणजे तांब्याचे किरकोळ नाणे. दहा जितल जमताच ते दुकानी गेले, निम्मे हातावर ठेवले आणि उरलेले नंतर देतो म्हणाले. दुकानदाराने घेतले तेवढे घेतले, बाकीचे सोडून दिले. दुसरे देणे एका पुस्तकाचे होते. उसने आणलेले पुस्तक हरवले होते. नक्कल करवून आणून देतो, असे त्यांनी मालकाला सांगितले. तू जिथून आला आहेस तिथल्या शिकवणीचे फळ असेच असणार, असे म्हणून मालकाने पुस्तकच बक्षीस दिले. चमत्कारांनी भरलेल्या संतचरित्रांच्या ढिगात हा दहा जितलांचा हिशेब उठून दिसतो.

हे सारे कळते ते अमीर हसन सिजजी या कवीमुळे. १३०८ साली त्याने शेखांच्या बैठकीतले बोलणे टिपायला सुरुवात केली आणि ते काम १३२२ पर्यंत चालवले. ‘फवाइद-उल-फुआद’ या नावाने ते फारसी पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात तात्त्विक चर्चा थोडी आणि पाहुणे, भूक, आजारपण, रागलोभ, नोकर, शेजारी यांच्या गोष्टी फार. हसनने लेखणी उचलली त्याच सुमारास, सेनापती मलिक काफूरने धरून आणलेला देवगिरीचा रामदेवराय यादव सुलतान अलाउद्दीन खलजीच्या दरबारात मानपान घेत होता. आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेऊन तेव्हा पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती.

घियासपुरातले पहिले दिवस उपासमारीचे होते. दारावर झोळी टांगलेली असे आणि जाणारे-येणारे तिच्यात भाकरतुकडा टाकत. पुढे १२८६ नंतर सुलतान कैकुबादने जवळच किलोखरीला महाल बांधला. सरदार, शिपाई, व्यापारी तिकडे राहायला आले आणि घियासपूरचा निवांतपणा संपला. शेखांनी गाव सोडायचा विचार केला. त्याच दिवशी एक तरुण येऊन त्यांना ऐकवून गेला, की लोकांना सोडून देवाजवळ बसण्यात काय मोठेपण. लोकांत राहून देवाजवळ असावे, खरी ताकद त्यात आहे. शेख राहिले. खानकाहचा पुढचा सगळा इतिहास या निर्णयातून निघाला आहे.

खानकाह म्हणजे मुख्यतः एक मोठा जमातखाना, सगळ्यांचे सामायिक दालन, होता. मुरीद म्हणजे शिष्य, वाटसरू, विद्यार्थी तिथेच झोपत, जेवत, नमाज पढत. शेखांची खोली वर गच्चीवर होती. त्या वास्तूचा उरलेला भाग हुमायूनच्या कबरीच्या ईशान्य कोपऱ्याशी आजही दाखवतात. भटारखाना आणि पैसा ख्वाजा इक्बाल नावाचा सेवक सांभाळी. उत्पन्नाचा नियम एकच: मागायचे नाही, न मागता आलेले नाकारायचे नाही आणि साठवायचे नाही. शुक्रवारी कोठीघर झाडून रिकामे करीत. जमिनीची सनद मात्र घ्यायची नाही, कारण खंड मिळणारा फकीर सुलतानाचा चाकर होतो. भेटायला आलेला माणूस काही तोंडात न घालता परत गेला, तर ती भेट मेलेल्याची घेतल्यासारखी, असे शेख सांगत. स्वतः ते रोजे धरीत. पहाटेच्या जेवणाचा घास मात्र कित्येकदा घशाखाली उतरत नसे. मशिदींत आणि दुकानांच्या ओट्यांवर इतके लोक उपाशी झोपले असताना तो कसा गिळायचा, असे ते म्हणत.

यामागचा विचार त्यांनी स्पष्ट करून ठेवला आहे. नमाज, रोजा, जप, यात्रा यांचा लाभ करणाऱ्यापुरता राहतो. दुसऱ्यासाठी खर्च करणे, दुसऱ्याशी मायेने वागणे, ही वेगळ्या जातीची उपासना आहे आणि तिचे पुण्य मोजता येत नाही. पहिली वाया जाऊ नये म्हणून मन शुद्ध असावे लागते. दुसरी कशीही केली तरी फळते. शेवटचे वाक्य आजही धीट वाटावे असे आहे.

शेखांची नजर तपशिलावर असे. यमुना हाकेच्या अंतरावर असताना एक बाई विहिरीचे पाणी शेंदताना त्यांना दिसली. नदीचे पाणी अन्न लवकर जिरवते, घरात खायला पुरत नाही, म्हणून विहिरीचे प्यावे लागते, असे तिने सांगितले. शेखांनी इक्बालला तिच्या घरखर्चाचा आकडा विचारून दरमहा तेवढी रक्कम पोचवायला लावले. एका उन्हाळ्यात घियासपुराला आग लागली, तेव्हा ते अनवाणी गच्चीवर उभे राहून बघत होते. आग विझल्यावर जळालेली घरे मोजून घेतली आणि प्रत्येक घरी पैसे, जेवण आणि गार पाण्याची घागर धाडली. वस्ती जळालेल्यांना पहिल्या तासात गार पाणी लागते, हे कुणाला तरी सुचावे लागते.

याचा शहरावर काय परिणाम झाला, ते इतिहासकार झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवले आहे. दिल्लीहून घियासपूरच्या वाटेवर लोकांनी चौथरे बांधले, त्यांवर छपरे घातली, विहिरी खणल्या, पाण्याचे माठ आणि चटया ठेवल्या. बाजारात सुफी ग्रंथांना गिऱ्हाईक वाढले आणि वजूसाठी लागणारे लोटे महाग झाले. बरनी स्वतः शेखांचा मुरीद, तेव्हा त्याच्या वर्णनातली थोडी भर वजा करायला हवी. पण लोटे महागल्याची नोंद भक्तीच्या भरात कुणी रचून घालत नाही.

लंगर, म्हणजे भटारखान्यातले हे मोफत जेवण, इतका मोठा चालण्याला आणखी एक कारण होते. अलाउद्दीनने भाव बांधून दिले होते. गहू मणाला साडेसात जितल. स्वस्त धान्याच्या त्या दिवसांची आठवण शेखांचे उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग देहलवी यांनी पुढे महागाईच्या काळात काढली आहे. या स्वस्ताईचे दुसरे टोक गंगा-यमुनेच्या दुआबात होते. तिथल्या शेतकऱ्याकडून निम्मे पीक सारा म्हणून उचलले जाई. दिल्लीच्या पंगतीतल्या पोळीत त्याचा वाटा होता, हे भाविक चरित्रकार सांगत नाहीत.

सत्तेशी संबंध तणातणीचेच राहिले. घराला दोन दारे आहेत, सुलतान एकातून आला तर मी दुसऱ्यातून निघून जाईन, हे शेखांचे उत्तर प्रसिद्ध आहे. १३२० मध्ये अल्पकाळ तख्तावर बसलेल्या खुसरो खानाने दरवेशांना पैसे वाटले. पुढचा सुलतान घियासुद्दीन तुघलक याने ते परत मागितले, तेव्हा शेखांचा वाटा गरिबांत कधीच खर्चून गेला होता. कव्वालीच्या मैफलींवर आक्षेप घेऊन त्यांना उलेमांच्या सभेपुढेही उभे केले गेले. ‘हुनूज दिल्ली दूर अस्त’, दिल्ली अजून दूर आहे, असे शेख मोहिमेवरून परतणाऱ्या घियासुद्दीनबद्दल म्हणाले, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट नंतरच्या ग्रंथांतली आहे. समकालीन बरनी तिचा उल्लेख करीत नाही. १३२५ मध्ये अफगाणपूरचा मंडप कोसळून तो सुलतान मेला, एवढेच नक्की. त्याच वर्षी शेख गेले आणि काही महिन्यांत त्यांचा शिष्य, कवी अमीर खुसरोही.

नसीरुद्दीन यांना खरे तर रानात जाऊन राहायचे होते. तुला लोकांतच राहून त्यांचा त्रास सोसायचा आहे, असा शेखांचा निरोप अमीर खुसरोमार्फत त्यांना मिळाला होता. पुढे एका कलंदराने, म्हणजे भटक्या फकिराने, त्यांच्यावर सुरीचे वार केले. त्यांनी शिष्यांना आवरले आणि हल्लेखोराला पैसे देऊन वाटेला लावले.

या परंपरेची दुसरी फांदी महाराष्ट्रात आली. शेखांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादला येऊन राहिले आणि १३३७ मध्ये वारले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. अमीर हसनही तिकडेच मातीआड झाला. तिथल्या शिष्यांनी गुरूंचे बोलणे टिपायची दिल्लीची पद्धत उचलली. सनद न घेण्याचा नियम मात्र टिकला नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी, ज्यांनी बुऱ्हाणपूरला याच संताचे नाव दिले, दर्ग्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली. भटारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा तर नेमकी आवक लागते, आणि दर शुक्रवारी कोठीघर रिकामे करण्याची छाती एखाद्याच माणसाची असते.

दिल्लीतला दर्गा काळाबरोबर वाढत गेला. कबरीवरची आताची इमारत अकबराच्या काळातली, १५६२-६३ ची. शहाजहानची मुलगी जहाँआरा, बादशहा मुहम्मदशाह आणि दर्ग्याच्या वाटेवर मिर्झा गालिब अशी माणसे त्याच्या आसऱ्याला पुरली गेली. दर्ग्यातल्या चौदाव्या शतकातल्या बारवेची एक बाजू २००८ च्या पावसाळ्यात ढासळली. तिची दुरुस्ती झाली ती त्याआधीच, २००७ मध्ये, आगा खान ट्रस्टने पुरातत्त्व खाते आणि महापालिकेबरोबर हाती घेतलेल्या कामात. शाळा, दवाखाना आणि स्वच्छतागृहेही त्याच योजनेत होती. गुरुवारी संध्याकाळी कव्वाली होते, वसंतपंचमीला पिवळी फुले येतात. दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीतल्या खाणावळींपुढे भुकेली माणसे ओळीने बसून असतात. येणारा भाविक दुकानदाराला किती जणांचे पैसे द्यायचे ते सांगतो, आणि दुकानदार ओळीच्या पुढच्या टोकापासून तेवढ्यांना डाळ-रोटी वाढतो.