निहाली

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल लोक बोलतात ती भाषा. ‘नहाली’ असाही उल्लेख आढळतो. जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा आणि पूर्वेकडे वसालीच्या आसपास ती ऐकू येते. भाषकसंख्या दोन ते अडीच हजार धरली जाते. मध्य प्रदेशातील नहालांची याच नावाची आर्यकुळातली बोली वेगळी धरावी. जुन्या लिखाणात दोहोंची गल्लत झालेली दिसते.

शब्दसंग्रह : साठ ते सत्तर टक्के शब्द मुंडा कुळातली कोरकू, द्राविडी भाषा व मराठी यांतून आले असावेत. निहालांचा कोरकूंशी पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे, बहुतेकांना कोरकू येते; तेव्हा ही उसनवारी अपेक्षितच. खरे मोल आहे ते उरलेल्या शब्दांचे. पाणी म्हणजे जोप्पो, विस्तव अप्पो, डोळा जिकीत, रक्त चोर्टो, अंडे कल्लेन. असे घरगुती शब्द भाषा सहसा दुसरीकडून घेत नाही, आणि नेमक्या यांनाच मुंडा, द्राविडी किंवा आर्य कुळात खात्रीचा नातलग सापडलेला नाही. अंकांत ‘बिडुम’ (एक) असाच एकटा. इरार, मोठो, नालो (दोन, तीन, चार) हे मात्र कन्नडच्या एरडु, मूरु, नाल्कु यांच्या शेजारी ठेवले की त्यांचे द्राविडी वळण लपत नाही.

सर्वनामांत द्विवचन आहे. ‘आम्ही दोघे’ यासाठी त्येको हा एकच शब्द पुरतो. संस्कृतात आवाम् होते. मराठीने ते सोडले, इंग्रजीतही आज तसे सर्वनाम नाही.

अभ्यास : भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनोव यांनी तिला मुंडा कुळात बसवले. डच पंडित कॉइपर यांनी १९६२ च्या तुलनात्मक ग्रंथात निराधार उरणाऱ्या शब्दांकडे लक्ष वेधले. ही एखाद्या गटाची सांकेतिक बोली असण्याची शक्यताही त्यांनी मांडली. ती सर्वमान्य नाही. निहालांना लुटारू ठरवणाऱ्या जुन्या सरकारी शेऱ्यांचा या तर्कावर कितपत प्रभाव पडला, हे तपासणे अगत्याचे आहे. आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम हेच, कारण कुळाचा वाद कुठेही जावो, शब्द नोंदले गेले. के. एस. नागराज यांचे व्याकरण, संहिता व शब्दसूची म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये छापली. आज बहुतेक अभ्यासक निहालीला कुळहीन, स्वतंत्र भाषा मानतात.

लिपी : स्वतंत्र लिपी नाही.

जनगणना : १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषांचे आकडे वेगळे प्रसिद्ध होत नाहीत, निहाली त्यामुळे ‘इतर’मध्ये जाते.