मावळातील दानतीर्थ : कार्ल्याचा विहार आणि श्री एकवीरा

महाराष्ट्राच्या डोंगरांत देवस्थाने पुष्कळ आहेत. परंतु एकाच कड्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार आणि लाखो भाविकांच्या कुलस्वामिनीचे मंदिर अंगाला अंग लावून उभे असावे, असे स्थान विरळाच. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील वेहेरगावचा डोंगर हे ते पुण्यस्थान होय. पायथ्याच्या गावाच्या नावातच 'विहार' हा शब्द आजतागायत टिकून राहिला आहे.

या स्थानाची यात्रा एका दिवसात सहज होते. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. तेथून उत्तरेस चार-पाच किलोमीटरांवर वेहेरगाव लागते. पुढे सुमारे साडेतीनशे पायऱ्यांची चढण आहे. दुतर्फा नारळ, ओटी आणि हार-फुलांची दुकाने असतात. मागे वळून पाहिले की इंद्रायणीचे खोरे आणि पलीकडे लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले दिसतात. चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर वरच्या पिंपळपानी खिडकीतून ऊन आत शिरते व स्तूपापर्यंत पोहोचते. म्हणून दर्शन सकाळी घ्यावे आणि लेणे दुपारनंतर निवांतपणे पाहावे.

येथील चैत्यगृह भारतातील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे ४५ मीटर व उंची १४ मीटरांपर्यंत आहे. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा स्तंभ असून त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले कोरली आहेत. स्तूपामागील सात स्तंभ मात्र साधे अष्टकोनी आहेत. छताच्या लाकडी कमानी मूळच्याच आहेत. स्तूपावरील लाकडी छत्रही शाबूत आहे. बाहेर चार सिंहांचा उंच स्तंभ उभा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सुरू झालेले हे काम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंत चालले. दर्शनी भागावरील बुद्धमूर्ती त्यानंतर काही शतकांनी कोरल्या गेल्या.

एवढे प्रचंड काम कोणा एका राजाने केले असेल, असे पाहणाऱ्यास वाटते. लोककथा तर सांगते की पांडवांनी हे एका रात्रीत उभारले. पण खांबांवरील ब्राह्मी अक्षरे वेगळीच हकिगत सांगतात. हे लेणे वर्गणीतून झाले आहे! वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि जंबुद्वीपात असे दुसरे नाही, असे अभिमानाने कोरविले. सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणक याने दिला. धेनुकाकट येथील सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने प्रवेशद्वारासाठी दान दिले. त्याच गावच्या यवनांनी, म्हणजे परदेशी वंशाच्या गृहस्थांनी, एकेक खांब दिला. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित्र नावाच्या धर्मपाठकाने एक स्तंभ दिला. भिक्षुणींची दानेही येथे नोंदली आहेत. विशेष म्हणजे सामी नावाच्या सुताराचे नावही, वेणुवासाचा पुत्र म्हणून, दगडावर कोरलेले आहे. सेनापती, शेठ, परदेशी आणि कारागीर सारे एकाच भिंतीवर, एकाच लिपीत आहेत. ज्याने खांब दिला, त्याच्या नावापुढे एवढेच लिहिले की हे त्याचे दान.

याला कारण होता बोरघाट. कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा व्यापारी माल याच वाटेने येई. तांड्यांना वाटेत आसरा मिळे, भिक्षूंना अन्नवस्त्र मिळे आणि व्यापाऱ्याच्या नफ्यातील वाटा धर्मकार्याला लागे.

भिक्षूंच्या वर्षावासाचीही सोय झाली. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने वलुरक, म्हणजे या लेण्यांतील विहार, येथे राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिले. याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचे व गावांचेही वर्णन आहे. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. शत्रूने दिलेले दान म्हणून गाव काढून घेणे त्यांना अवघड नव्हते. परंतु येथील दुसऱ्या लेखात मामाल, म्हणजेच मावळ, येथील अमात्याला आज्ञा आहे की ते गाव भिक्षूंकडेच राहावे. अभ्यासक ही आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. राज्य बदलले, पण दान मोडले नाही.

काळाच्या ओघात भिक्षुसंघ येथून गेला. डोंगर मात्र ओस पडला नाही. चैत्यगृहाच्या अगदी पुढ्यात श्री एकवीरा आईचे मंदिर आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांची ती कुलदेवता. चैत्राच्या यात्रेस व नवरात्रात कोकण किनाऱ्यावरून पालख्या येतात. सोपाऱ्याचा तो धर्मपाठक ज्या बाजूने चढून आला, त्याच बाजूने आज मुंबई-रायगडचे कोळी बांधव नवस फेडण्यास येतात.

लेणी १९०९ पासून संरक्षित स्मारक आहेत. तरीही काही हौशी मंडळी खिळ्याने भिंतीवर स्वतःचे नाव ओरखडतात, हे दुःखद आहे. त्या भिंतीवर नाव कोरण्याचा अधिकार ज्यांनी मिळविला, त्यांनी आधी खांब दिला होता. ज्याच्या हातून काही दिले गेले नाही, त्याने निदान असलेले जपावे. तेही दानच होय. भूतपालाची हवेली उरली नाही, सामीचे घर उरले नाही. गावासाठी, देवासाठी आणि वाटसरूसाठी जे दिले, तेवढेच मागे उरले.