चोथा टाकाऊ होता कधी?

वाइनच्या चोथ्याविषयी हल्ली जे उत्साहाने लिहिलं जातं, त्याचा पूर्वपक्ष असा : द्राक्षं पिळल्यावर उरणाऱ्या साली, बिया, देठ आणि टाकीच्या तळाचा साका हे सारं आजवर उकिरड्यावर जात होतं, त्यातली मौल्यवान द्रव्यं हरित रसायनशास्त्राने आता कुठे ओळखली, ती काढण्याची रीत प्रयोगशाळेत एकदा बसली की कचऱ्याचं सोनं झालंच म्हणून समजा. यामागची पर्यावरणाची काळजी रास्त आहे. ओल्या चोथ्याचे ढीग शेतात पडले तर त्यातली आम्लं आणि टॅनिनं कोवळ्या पिकाला बाधतात. बाकीचं मात्र इतिहासालाही धरून नाही आणि हिशेबालाही.

अठराव्या शतकातलं दक्षिण फ्रान्सचं माँपेलिए शहर घ्या. तिथलं जंगाल, म्हणजे तांब्यावरचा हिरवा रंग, युरोपभर प्रसिद्ध होतं आणि ते बनायचं घरोघरच्या तळघरांत, मुख्यतः बायकांच्या हातून. चोथा आंबून त्याला शिरक्याचा वास सुटला की मडक्यात चोथ्याचा एक थर, त्यावर तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांचा एक थर, असं रचत जायचं. काही दिवसांनी पत्रे काढून उभे करायचे, त्यांवर अधूनमधून पाणी शिंपडायचं. हिरवा थर फुगून आला की सुरीने खरवडायचा आणि पत्रा पुन्हा मडक्यात. चोथ्यातल्या मद्यार्काचं ॲसेटिक आम्ल आणि तांब्याशी जुळून त्याचा क्षार, एवढंच त्यातलं रसायन. त्या शहरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शाप्तालने या कृतीवर लिहिलं खरं, पण ते नंतर. बायकांचा धंदा त्याच्या आधीपासून चालू होता.

टार्टरिक आम्लाची गोष्ट तर याहून ठसठशीत. द्राक्षाच्या रसात पोटॅशियम बायटार्टरेट विरघळलेलं असतं. रस आंबून मद्यार्क वाढला की या क्षाराला विरघळून राहणं जमत नाही आणि पिंपाच्या आतल्या अंगाला त्याचे खडे धरतात. रसायनज्ञ शीलने १७६९ मध्ये हा क्षार खडूबरोबर उकळला, खाली बसलेलं कॅल्शियम टार्टरेट गंधकाम्लाने फोडलं आणि शुद्ध आम्ल वेगळं केलं. (आपल्या आमटीतल्या चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः याच आम्लाचा.) वाइनच्या गाळातून हे आम्ल काढणारे आजचे कारखानेही मुळात हीच वाट चालतात. पुढे आल्सासमधल्या तान गावी, केस्टनर यांच्या कारखान्यात, हेच आम्ल बनवताना त्याचं एक निराळं भावंड हाती लागलं. १८४८ मध्ये पाश्चर यांनी त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली निवडून, आरशातल्या प्रतिबिंबांसारखे डावे-उजवे वेगळे केले. हे निराळं आम्ल येतं कुठून याचा माग काढत १८५२ मध्ये ते लायप्झिग, व्हिएन्ना, प्रागपर्यंत हिंडले. रेणूंच्या त्रिमिती रचनेचं शास्त्र वाइनच्या गाळातून वर आलं आहे, आणि आपण म्हणतो की गाळाची किंमत आत्ता कळली!

मग चोथा टाकाऊ ठरला कसा? रसायन ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे, तर तेच रसायन दुसरीकडे स्वस्त पडू लागलं म्हणून. खनिज तेलापासून मिळणाऱ्या मॅलेइक अनहायड्राइडपासून टार्टरिक आम्ल बनवता येतं. युरोपीय संघाने २००६ मध्ये अशाच रीतीने बनणाऱ्या चिनी टार्टरिक आम्लावर अँटी-डम्पिंग शुल्क बसवलं ते उगीच नाही. फ्रान्समध्येही चोथा उपयोगी पडत राहिला तो निव्वळ बाजाराच्या जोरावर नाही. पिळलेलाच चोथा पुन्हा पिळून कोणी हलकी वाइन काढू नये, म्हणून चोथा आणि साका ऊर्ध्वपातनासाठी देणं तिथे कित्येक दशकं कायद्याने सक्तीचं होतं. ठरलेला माल ठरलेल्या वेळी दारात येणार म्हटल्यावर मद्यार्क, टार्टरेट आणि बियांचं तेल काढणारे कारखाने उभे राहिले.

प्रतिपक्षाचं आवडतं अस्त्र म्हणजे रेसव्हेरॅट्रॉल हे द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फ्रेंच विरोधाभासा’ची, म्हणजे चरबीयुक्त आहार असूनही फ्रेंचांना हृदयविकार कमी होतो तो वाइनमुळे, या म्हणण्याची चर्चा पेटल्यापासून ते लाल द्राक्षाच्या नावावर जमा आहे. पण बाजारातलं बरंचसं रेसव्हेरॅट्रॉल येतं ते जपानी नॉटवीड या तणाच्या मुळातून, कारण सालीत ते फारच थोडं असतं. चोथ्यावरच्या लेखात द्राक्षाचा घड रंगवून त्याच्या बळावर या द्रव्याच्या किमती सांगणं ही चलाखी झाली.

आता नाशिक. साखर कारखान्यांनी मळीतून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, मग वायनऱ्यांना काय धाड भरली आहे, असं विचारलं जातं. पण मळी एकाच आवारात हजारो टन निघते आणि टाकीत महिनोन्महिने टिकते. चोथ्यात निम्म्याहून जास्त पाणी. द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा असलेला हा माल विखुरलेल्या वायनऱ्यांत, जानेवारी ते मार्च एवढ्यातच निघतो आणि उन्हात दोन-चार दिवसांत त्याला बुरशी धरते. त्यातून शेनाँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ अशा पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच पिळून निघतो. त्यात मद्यार्क नसून साखर असते, ती आधी आंबवावी लागते. शिवाय ऊर्ध्वपातन म्हटलं की उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आलाच. यातलं कोणतं कोडं हरित रसायनशास्त्राच्या नव्या विद्रावकाने सुटतं?

म्हणून माझा पक्ष असा : चोथा वाहून नेण्याच्या फंदातच पडू नये. तो वायनरीतच गरम पाण्याने धुवावा, त्या पाण्यात चुनखडी आणि कॅल्शियम क्लोराइड घालून कॅल्शियम टार्टरेट खाली बसवावं, गाळून वाळवावं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, कुजत नाही, पोत्यात भरून वर्षभर ठेवता येतं. गंधकाम्लाची जोखमीची पायरी साऱ्या वायनऱ्यांनी मिळून एकाच कारखान्याकडे सोपवावी. बिया चाळून वेगळ्या कराव्या आणि तेलासाठी वाळवाव्या. वाळवणाची विद्या नाशिक-सांगलीच्या बेदाणावाल्यांना कोणी शिकवायला नको. उरलेल्या सालींचं कंपोस्ट करून ते द्राक्षबागेतच घालावं. टार्टरेटचा भाव धुण्याच्या पाण्याचा आणि सरपणाचा खर्च भरून काढतो की नाही, हे एका हंगामाच्या वहीत कळेल, आणि ती वही प्रयोगशाळेत नव्हे, वायनरीच्या कचेरीत लिहावी लागेल.