डिरेक्टरीला पालक एकच का?

वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला जावे आणि भुईबावडा घाट उतरून पुन्हा वैभववाडीला यावे. वाटांचे असे वेटोळे होते. सरकारी दप्तरात मात्र तसे होत नाही. गाव एकाच तालुक्यात, तालुका एकाच जिल्ह्यात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा इथले एकही गाव जागचे हलले नाही. फक्त नोंद एका दप्तरातून दुसऱ्यात गेली. ती दोन्हीकडे राहिली असती, तर गावाने शेतसारा कोणत्या जिल्ह्यात भरायचा? संगणकातील फाईलींची मांडणी करणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न उभा राहिला होता.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्स प्रणालीची सुरुवात केली. युनिक्समध्ये फाईल आणि तिचे नाव या वेगळ्या गोष्टी आहेत. फाईल केवढी, चकतीवर कोठे, ही माहिती 'आयनोड' नावाच्या नोंदीत असते. डिरेक्टरी म्हणजे नावे आणि आयनोडचे क्रमांक यांची यादी. त्यामुळे एकच फाईल दोन याद्यांत दोन नावांनी येऊ शकते. अशा प्रत्येक नोंदीला दुवा म्हणतात. दुवे किती, हा आकडाही आयनोडमध्येच असतो. शेवटचा दुवा पुसला की आकडा शून्य होतो आणि जागा मोकळी होते.

पीडीपी-७ वर 'डीडी' नावाच्या डिरेक्टरीत सर्वांच्या डिरेक्टऱ्यांचे दुवे असत व तिच्यातून एकमेकांकडे जाता येई. १९७४ साली रिची व थॉम्प्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात मात्र नियम स्पष्ट आहे: फाईलला कितीही दुवे चालतील, पण डिरेक्टरीची नोंद एकाच पालक डिरेक्टरीत हवी. अपवाद फक्त दोन: स्वतःकडे बोट दाखवणारी एका टिंबाची नोंद आणि पालकाकडे नेणारी दोन टिंबांची.

असे का? फळ्यावर काढून पाहा. मूळ डिरेक्टरीत 'अ', 'अ'मध्ये 'ब' आणि 'ब'मध्ये पुन्हा 'अ'चा दुवा. सर्व फाईली तपासत जाणारी आज्ञावली अ-ब-अ-ब अशी फिरतच राहील. आता मूळ डिरेक्टरीतील 'अ'ची नोंद पुसा. 'ब'मधला दुवा शिल्लक असल्याने 'अ'चा आकडा शून्य होत नाही, म्हणून जागा मोकळी होत नाही. आणि मुळापासून तिथे जायला वाटही उरत नाही. आतल्या फाईली चकतीवर शाबूत, तरीही हरवलेल्या! नुसत्या मोजणीने हे कळत नाही. त्यासाठी सगळी मांडणी मुळापासून तपासावी लागते.

तरी दोन ठिकाणांहून एकाच डिरेक्टरीत जाण्याची गरज होतीच. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सांकेतिक दुवे आले. मल्टिक्स या आधीच्या प्रणालीत ही कल्पना होती. सांकेतिक दुवा म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तिची गणना आकड्यात होत नाही. 'जिल्हा रत्नागिरी' असा जुना पत्ता असलेल्या पत्रासारखी ती निरुपयोगीही ठरू शकते. चिठ्ठ्यांचेही वेटोळे होते, पण चिठ्ठी ओळखता येते. एका पत्त्याचा शोध घेताना ४० चिठ्ठ्या झाल्या की लिनक्स पुढे जायचे नाकारते. ॲपलने २००७ साली 'टाइम मशीन'साठी डिरेक्टरीला खरे दुवे देण्याची सोय केली. २०१७ साली मॅकवर आलेल्या तिच्या नव्या फाईल प्रणालीत ती ठेवली नाही.

फळ्यावरची आकृती पुसण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: 'ब'मधला दुवा चिठ्ठीचा असता, तर 'अ'चा आकडा किती उरला असता?